शनिवारची उघडीप

शर्वरी, काल संध्याकाळी किनाऱ्याचा आठवड्याचा हवामान अंदाज आला आणि पहिल्या दोन ओळींतच कळलं की हा तुझा नाही. आता कुठलाच तुझा असणार नाही, हे मला समजतं. तुला जाऊन महिना होत आला. तरी मी दर गुरुवारी तो उघडते आणि दर गुरुवारी चिडते. हल्ली तुझ्या ऑफिसातला ओवेन लिहितो. 'वाऱ्याचा जोर वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही' अशा अर्थाचं काहीतरी त्याने इंग्रजीत लिहिलं आहे. तू हे त्याला लिहू दिलं असतंस का? त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली असतीस आणि म्हणाली असतीस, नाकारता येत नाही म्हणजे किती, ते सांग ना बाबा.

आज शुक्रवार. दुपारी बाराच्या आत मला डेलला फोन करायचा आहे. उद्या सकाळी त्याची बोट आम्हाला हवी की नको, ते सांगायचं आहे. डेल हा वॉरंटनच्या धक्क्यावरचा कॅप्टन, उन्हाळ्यात हौशी लोकांना मासे पकडायला नेतो तो. उद्या तो आम्हाला नेईल, तुझ्या अस्थी समुद्रात सोडायला. मी हो म्हटलं तर.

इथला नियम असा की किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत गेल्याशिवाय हे करता येत नाही. आणि आत जायचं म्हणजे आधी कोलंबिया नदीचं मुख ओलांडायचं. तिथे नदी आणि समुद्र एकमेकांच्या अंगावर येतात, खाली वाळूचा उंबरठा आहे, त्याला इथले सगळे नुसतं 'बार' म्हणतात. हिवाळ्याच्या तोंडावर तो बऱ्याचदा बंदच असतो. हे मी तुला सांगायचं म्हणजे कमाल झाली. इतकी वर्षं रोज सकाळी तूच सांगायचीस की आज बारवर लाटा कशा असतील. पण हल्ली हे सगळं तुझ्या आईला, काकूंना मी समजावून सांगते, त्यामुळे तोंडात बसलं आहे.

काकू माझ्याकडेच आहेत. तुझ्या घरी त्यांना एकटीला ठेवायला माझा जीव धजेना. आत्ता स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या आहेत. इतका लसूण आम्हाला लागत नाही, पण मी काही म्हणत नाही. तू पुस्तकांच्या कपाटावर आहेस. फ्युनरल होमने दिलेला तो काळा प्लॅस्टिकचा डबा त्यांना बघवेना, म्हणून माझ्या देवघरातल्या तांब्याच्या कलशात ठेवलं आणि वर लाल कापड बांधलं. संदीप ऑफिसला जाताना तुझ्याकडे बघून "येतो गं" म्हणतो. माझ्या नवऱ्याला कधी कुणाचा निरोप घ्यायची सवय नव्हती, तुला माहीत आहे.

हो की नाही. हेच आपलं भांडण होतं ना कायम?

आपण विद्यापीठात एका खोलीत राहायला लागलो तेव्हापासूनचं. नागपूरची मुलगी, विशी ओलांडेपर्यंत समुद्र पाहिलेला नाही, आणि म्हणे मी किनाऱ्याच्या हवामानात संशोधन करणार. मी पुण्याची, कॉम्प्युटरवाली, मला हवामान म्हणजे स्वेटर घालायचा की नाही एवढंच. सकाळी निघताना तुला विचारायचे, पाऊस पडणार का? तू खिडकीबाहेर बघायचीस, मग लॅपटॉपमध्ये, मग पुन्हा खिडकीबाहेर, आणि म्हणायचीस, "चाळीस टक्के." मी म्हणायचे, "मला टक्के नकोत, छत्री घेऊ की नको?" तू म्हणायचीस, "ते तुझ्या छत्रीला किती वजन आहे त्यावर आहे." माझी बस चुकायची.

पुढे तू या किनाऱ्यावर हवामान खात्यात नोकरीला आलीस. मला घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा तूच बोलावलंस. आणि बोलावतानासुद्धा प्रामाणिकपणा सोडला नाहीस. लोक आपल्या गावाचं कौतुक करतात. तू फोनवर म्हणालीस, "बघ, ऑक्टोबरपासून मेपर्यंत सूर्य दिसेलच असं नाही. वारा असा की दोनदा कुंपण पडलंय माझं. लाइट जातात. चांगली भाजी घ्यायला पोर्टलंडला जावं लागतं. ये." आम्ही आलो. संदीपला हॉस्पिटलात फार्मासिस्टची जागा मिळाली, आणि तुझ्या पडलेल्या कुंपणापासून तीन गल्ल्यांवर आमचं घर झालं.

तेव्हा अॅस्टोरियापासून खाली सीसाइडपर्यंत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तू दर गुरुवारी तो अंदाज टाकायला लागलीस. ऑफिसचं काम संपवून, गाडीत बसून लिहायचीस. सरकारी भाषा काढून टाकून, आपल्या लोकांना लागेल तेवढंच. 'शुक्रवारी दक्षिणेचा वारा, कचऱ्याचे डबे आत घ्या.' 'रविवारी सकाळी कोरडं, पण गाद्या बाहेर टाकायचा मोह आवरा.' उन्हाळ्यात कुणाचे आईवडील आले की त्यांच्यासाठी खास ओळ असायची, कारण प्रत्येक जण बॅगेत तिकडून छत्री घेऊन यायचा आणि पहिल्याच वादळात ती उलटी होऊन शेजाऱ्याच्या झाडावर जाऊन बसायची. 'छत्री बॅगेतच राहू द्या, टोपीचं जॅकेट घाला, आणि टोपी हाताने धरा.' कुलकर्णीकाकांनी ऐकलं नाही. त्यांची छत्री तू दुसऱ्या दिवशी बंदरावरून शोधून आणलीस, काड्या वाकलेल्या, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांच्या हातात दिलीस.

कुरडयांचं तर विसरूच शकत नाही मी. जुलैची गोष्ट. मला आईसारख्या कुरडया करायच्या होत्या, गहू भिजत घालून, चीक काढून, सगळं साग्रसंगीत. या गावात! गहू भिजायला टाकायच्या आधी मी तुला विचारलं. तू म्हणालीस, वायव्येचा वारा आहे, शनिवार-रविवार उघडीप, सत्तर टक्के. मी सत्तर म्हणजे हो धरलं. शनिवारी सकाळी डेकवर प्लॅस्टिक अंथरून सोऱ्याने कुरडया घातल्या, हात दुखेपर्यंत. अकरा वाजता समुद्रावरून धुकं आलं. नुसतं धुकं नाही, ते अंगाला चिकटणारं, भुरभुर पडणारं. दुपारी प्लॅस्टिकवर कुरडया नव्हत्या, खळ होती. ग्रुपवर लोकांनी त्याला 'मेधाची खीर' असं नाव दिलं. मी तुला फोन करून ओरडले, "तू सत्तर म्हणाली होतीस!" तू म्हणालीस, "मग? आज तीस आले."

"म्हणजे तुझं चुकलं."

"नाही ना यार. मी सत्तर म्हटलं, शंभर म्हटलं असतं तर चुकलं असतं. तुला कळत कसं नाही?"

मला कळत होतं. मला ते मान्य नव्हतं. तू ऑफिसचा पंखा उचलून घेऊन आलीस, आणि स्वतःचा हेअर ड्रायर. आपण त्या खळीवर दोन तास वारा घालत बसलो. मग उरलेलं ओव्हनमध्ये कोरडं केलं आणि ते तपकिरी तुकडे तळून खाल्ले. तू म्हणालीस छान लागतात. खोटं बोलायची सवय नव्हती तुला, त्यामुळे चेहऱ्याने लगेच बिंग फोडलं.

एकदा मात्र तू मला फार लागेल असं बोललीस. मला पोर्टलंडला जायचं होतं, मधल्या डोंगरातला रस्ता, वादळाची सूचना होती. मी तुला तिसऱ्यांदा फोन केला, जाऊ का नको, एक काय ते सांग. तू म्हणालीस, "मेधा, मी हवा सांगते. जायचं की नाही ते तू ठरव. तुला फोरकास्टर नकोय, तुला आई हवी आहे." मी फोन ठेवून दिला. बरेच दिवस बोलले नाही तुझ्याशी. मग तू वरण-फळं करून घेऊन आलीस आणि दारात उभी राहून म्हणालीस, "आई नाही आहे मी, पण भूक लागली असेल." माफी मागितली नाहीस. मीही मागितली नाही. ते भांडण तिथेच राहिलं, वरण-फळं खाऊन झाकून ठेवलेलं. आज तू असतीस तर ते मी पुन्हा उघडलं असतं. कारण मला अजूनही वाटतं की जिवलग माणसाने कधीकधी नुसतं हो किंवा नाही म्हणावं. त्याची किंमत मोजायला तयार असावं. तू कधीच झाली नाहीस तयार, आणि याचा मला राग आहे. तू गेलीस म्हणून तो कमी झालेला नाही.

तू आजारी पडलीस आणि पोर्टलंडच्या डॉक्टरांनी तुला बरं होण्याच्या शक्यतेचा आकडा सांगितला तेव्हाही मी तेच केलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. मी त्यांना विचारलं, तुमची बहीण असती तर तुम्ही ही ट्रीटमेंट घ्यायला सांगितली असतीत का, यस ऑर नो? तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास. परत येताना गाडीचे वायपर पूर्ण वेगाने चालू होते, पुढचं काही दिसत नव्हतं, आणि तू शांतपणे म्हणालीस, "चांगला माणूस आहे. नीट अंदाज दिला त्याने. घाबरवलं नाही आणि गोडही बोलला नाही. असं देता येणं अवघड असतं गं." मला ओरडावंसं वाटलं, की शर्वरी, हे वादळ तुझ्यावर येतंय, तू त्याच्या भाषेचं कौतुक काय करत बसलीस! ओरडले नाही. ट्रक ओव्हरटेक करत होते.

तू ट्रीटमेंट घेतलीस. तुझे केस गेले, तुझी चव गेली, चहासुद्धा तुला लोखंडासारखा लागायचा. ग्रुपवरचा गुरुवार मात्र एकदाही चुकवला नाहीस. शेवटी शेवटी मी टाइप करायचे आणि तू डोळे मिटून सांगायचीस. मग तो स्कॅन आला. मी म्हणाले, त्या डॉक्टरचं चुकलं. तू म्हणालीस, "त्याचं नाही चुकलं. मी उरलेल्या बाजूला पडले, एवढंच."

मी उठून तुझ्या सिंकमधली भांडी घासायला गेले. घासली कसली, आपटली. तू आतून हाक मारलीस, "मेधा, ती माझी कढई आहे."

आपण दोघी हसलो त्यावर. हसलो म्हणून पुढचं बोलायचं राहून गेलं. तुला भीती वाटते का, हे मला विचारायचं होतं. तू काय म्हणाली असतीस कुणास ठाऊक. कदाचित टक्के सांगितले असतेस. मला ते ऐकायचे होते, शर्वरी. कितीही असते तरी ऐकायचे होते.

अस्थींचं तूच सांगितलंस, ते मात्र अगदी स्पष्ट. समुद्रात सोडा, पण किनाऱ्यावर उभं राहून नको. "इथला वारा बघता मी परत तुमच्याच तोंडावर येईन. आणि आईच्या पदराला चिकटेन." आत जा, वाऱ्याकडे पाठ करा, खाली वाकून पाण्यात सोडा. हे सांगताना तू इतकी नेहमीसारखी होतीस की काकूही हसल्या. नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसल्या.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय मला आजचा फोन करता येणार नाही.

काकूंचं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. गुरुवारी एक वादळ येऊन जाणार होतं, दुसरं शनिवारी संध्याकाळी. दोन्हींच्या मध्ये शनिवारी सकाळी उघडीप, आणि भरतीची वेळही सोयीची. ओवेनने लिहिलं होतं, उघडिपीचा भरवसा कमी, दुसरं वादळ लवकरही येऊ शकतं. डेल म्हणाला, "आय नीड अ यस ऑर अ नो बाय फ्रायडे नून." नाही म्हटलं तर तो बोट बांधून मुलीकडे सेलमला जाणार होता. मी ओवेनला फोन केला. जाऊ की नको ते एकदाचं सांग म्हटलं. बिचारा म्हणाला, तिने मला शिकवलंय की लोकांच्या वतीने ठरवायचं नाही. मी त्याला काहीतरी तोडून बोलले. त्याची माफी मागायची आहे अजून.

मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय समजते त्यातलं? तू म्हणशील तसं."

सबंध सकाळ मी नकाशे बघत बसले. तुझ्याबरोबर राहून मला एवढं वाचता येतं, की येतं असं वाटतं. हवेच्या दाबाच्या रेषा जवळजवळ होत्या, म्हणजे जोराचा वारा. दुसरं वादळ मला जवळ वाटायला लागलं. काकूंचं वय, त्यांचा गुडघा, त्या कधी होडीतसुद्धा बसलेल्या नाहीत, बारवर बोट हेलकावली तर मी त्यांना कशी धरणार, सगळं एकदम डोक्यात आलं. बाराला पाच कमी असताना मी डेलला नाही म्हणाले.

आणि शनिवारी सकाळी पडदा सरकवला तर ऊन!

नोव्हेंबरात पडतं तसं पांढरं ऊन नाही गं, चांगलं पिवळंधमक. आम्ही दक्षिणेच्या धक्क्यावर गेलो. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडला होता. खेकड्यांच्या बोटी बारवरून आरामात बाहेर जात होत्या. लोक कुत्री घेऊन फिरत होते, एक बाई तर चक्क टी-शर्टवर. डेल सेलमला. मी तुझ्या आईकडून ती सकाळ काढून घेतली होती. सोमवारी त्या जाणार, त्यांचं वय बघता पुन्हा यायच्या नाहीत, आणि उन्हाळ्यात कधीतरी मी आणि संदीप तुला घेऊन जाणार, त्यांच्याशिवाय. संध्याकाळी वादळ आलं ते अगदी ओवेनने सांगितलेल्या वेळेला. म्हणजे त्याचं काहीसुद्धा चुकलं नव्हतं.

घरी परतताना गाडीत मी म्हणाले, "काकू, माझ्यामुळे झालं हे."

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मेधा, एक सांगू? तू काल फोनवर नाही म्हणाली ना, तेव्हा मला बरं वाटलं."

मी गाडी बाजूला घेतली.

"मी तर कालच माझ्या राजूला फोन केला नागपूरला, की तिकीट पुढे ढकल म्हणून. वादळाचं नाव सांगितलं त्याला. खरं म्हणजे वादळ राहो की न राहो, मलाच नव्हतं जायचं. मला वाटे, आजचा दिवस राहू दे, उद्या बघू. रोज सकाळी उठून कपाटाकडे बघते मी. तिथं आहे म्हणून बरं वाटते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता तू बोल. तुला खरंच वाऱ्याची भीती वाटली?"

शर्वरी, मी गिअर टाकून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पण तुला सांगते. त्या रेषा तितक्या जवळ नव्हत्या. मी पुन्हा काढून पाहिल्या. तू त्या नकाशावर एक नजर टाकून म्हणाली असतीस, छान उघडीप आहे, दुपारपर्यंत परत या. मला तुला सोडायचं नव्हतं. मी नकाशात वादळ शोधत होते आणि शोधणाऱ्याला ते सापडतंच. आणि इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडत होते की तू ठरवत का नाहीस! जिथे प्रेम असतं तिथे तुझ्या तोंडून 'नाही' हेच निघणार, हे तुला माहीत असावं. म्हणून तू आकड्यांना धरून बसायचीस. असं मला आता वाटतं. चूक असेल तर असेल, तुला विचारता येत नाही. तरी तुझा राग आहेच, तो तसाच राहू दे.

या आठवड्याचा अंदाज जवळजवळ तोच आहे. शनिवारी सकाळी उघडीप, भरवसा कमी, लाटा मागच्यापेक्षा थोड्या मोठ्याच. आज सकाळी चहा घेताना मी काकूंना विचारलं, तयार आहात का.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण तिला ताटकळत किती ठेवायचं? तिला एका जागी बसवत नसे कधी."

हे मात्र खरं. तू जेवायलासुद्धा खिडकीशी उभी राहायचीस.

मग मी एक शहाणपण केलं, तुझ्याकडून शिकलेलं. डेलला फोन लावण्याआधी स्वतःला विचारलं, की बारवर काय होईल ते कोण ठरवणार? तर डेल. त्याला तो बार पाठ आहे. तोंडाशी गेल्यावर लाटा नको तशा असतील तर तो बोट वळवेल आणि आम्ही परत येऊ, काकू पुन्हा लसूण सोलतील. मला फक्त एवढंच ठरवायचं आहे की आपण निघायचं का.

सव्वाअकराला फोन लावला. तो म्हणाला, "सो? यस ऑर नो?"

"यस," मी म्हणाले. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाले.

तो म्हणाला सकाळी साडेसातला धक्क्यावर या, पोटभर खाऊ नका, आणि म्हाताऱ्या बाईंना गरम कपडे घाला, आत वारा बोचतो. किती माणसं, विचारलं. मी चार म्हणाले, मग तीन म्हणाले. नुसतं "थ्री, ओके" म्हणाला. चांगला माणूस आहे.

फोन ठेवून वळले तर काकू दारात उभ्या होत्या. त्या तुझ्या घरी जाऊन आल्या होत्या, एकट्या, तीन गल्ल्या चालत, मला न सांगता. अंगात तुझं ते पिवळं पावसाळी जॅकेट. तुझं कपाट आम्ही अजून उघडलं नव्हतं. ते त्यांना गुडघ्यापर्यंत येत होतं, आणि साडी खालून दिसत होती. "हे चालेल ना गं बोटीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालेल. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि एकेक करून दुमडल्या, मनगटाच्या वरपर्यंत. उद्या त्यांचे हात मोकळे हवेत.